उणे सव्वाआठचा डोळा आणि हवेची फुंकर: कॉर्नियाच्या ताकदीची तपासणी करून घेतल्यावर

लेझर शस्त्रक्रियेने चष्मा घालवता येईल का, अशी चौकशी करायला गेलेल्या माणसाला तपासण्यांच्या लांबलचक रांगेतून जावे लागते. नंबर काढणे, औषध घालून बाहुली मोठी करणे आणि पडदा पाहणे, कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचा, नकाशा घेणे, त्याची जाडी मोजणे, या सगळ्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक तपासणी सुचवली जाते. उघड्या डोळ्यावर हवेची एक नेमकी फुंकर सोडायची, तिच्या दाबाखाली कॉर्निया किती खोल दबतो आणि किती वेळात सावरतो हे टिपायचे आणि त्यावरून त्याची यांत्रिक ताकद आजमावायची, असे तिचे स्वरूप आहे. गेल्या चौदा महिन्यांत मी ही तपासणी चार वेळा करून घेतली. तीनदा कॉर्व्हिस एसटी या कॅमेरा असलेल्या यंत्रावर आणि एकदा ऑक्युलर रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर या त्याआधीच्या यंत्रावर. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे सव्वाआठ आहे, डाव्याचा उणे नऊ. मी डॉक्टर नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदार्थांची ताकद हा विषय शिकवते. ताण आणि ताठपणा हे शब्द रोजच्या वापरातले असल्याने हातात पडलेला अहवाल हिरवा की लाल एवढेच पाहून बाजूला ठेवणे मला जमले नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. तपासणी चांगली आहे, वेदनारहित आहे आणि लेझरचा विचार करणाऱ्या प्रत्येक मोठ्या नंबरवाल्याने ती करून घ्यावी असे मी म्हणेन. मात्र लांब डोळ्यात तिने दिलेला आकडा एकट्या कॉर्नियाचा नसतो. त्यात डोळ्याची सबंध घडण मिसळलेली असते, आणि तपासणीच्या टेबलाशी ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढचे बरेचसे लिखाण याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी प्रत्यक्ष अनुभव. हनुवटी आधारावर टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे आणि समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचे. डोळ्यावर निळ्या प्रकाशाची एक बारीक आडवी फट पडते. तंत्रज्ञ सांगतात, “आता एकदा पापण्या मिटा, उघडा आणि धरून ठेवा,” आणि तेवढ्यात फट्कन हवा येऊन आदळते. दुखत काहीच नाही, पण दचकायला होते. पहिल्या खेपेला मी मान मागे घेतली आणि मोजमाप वाया गेले. खरे मोजमाप साधारण ३२ मिलिसेकंदांत उरकते. पापणी मिटायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, त्यामुळे डोळा आपण हवेनंतर मिटतो तेव्हा यंत्राचे काम संपलेले असते. तेवढ्या अवधीत कॅमेरा सेकंदाला ४,३३० या वेगाने सुमारे १४० चित्रे घेतो. कॅमेऱ्याची रचना शाइमफ्लुग यांच्या तत्त्वावर आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील या अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रे सरळ करण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही तिरक्या भिंगाची युक्ती वापरली होती; तिच्यामुळेच कॉर्नियाचा आडवा छेद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा स्पष्ट दिसतो.

ते चित्रीकरण सावकाश करून पाहायला मिळाले, तर या तपासणीचे निम्मे सार्थक तिथेच होते. काळ्या पार्श्वभूमीवर एक फिकट निळी कमान दिसते. सुमारे सातव्या मिलिसेकंदाला तिचा माथा सपाट होतो. मग ती आत वळते आणि सोळा-सतराच्या आसपास तळ गाठते. त्या क्षणी कॉर्निया उथळ वाटीसारखा दिसतो, आणि वाटीच्या दोन्ही काठांवर कोपरे उठल्यासारखे उंचवटे असतात. मग उलटा प्रवास सुरू होतो. एकविसाव्या-बाविसाव्या मिलिसेकंदाला तो पुन्हा एकदा सपाट होतो आणि थरथरत मूळच्या कमानीवर येतो. माझ्या डाव्या डोळ्यात ही शेवटची थरथर डोळ्यांना जाणवण्याइतकी होती. इतकी वर्षे जो अवयव मी काचेसारखा समजत होते, तो भिजवलेल्या चामड्यासारखा वागताना पाहून मी ते चित्रीकरण चार वेळा लावायला सांगितले.

आता घडणीकडे वळते. प्रौढ माणसाच्या सर्वसामान्य डोळ्याची पुढून मागे लांबी, म्हणजे अक्षीय लांबी, साधारण २३.५ ते २४ मिलिमीटर असते. माझा उजवा डोळा २६.४ आहे आणि डावा २६.७. लांबी १ मिलिमीटरने वाढली की ढोबळमानाने अडीच ते तीन डायऑप्टरने उणे नंबर वाढतो, म्हणजे माझ्या चष्म्याचे जवळजवळ सगळे मूळ या जादा लांबीत आहे. ही वाढ पुढे होत नाही, मागे होते. जन्माच्या वेळी डोळा सुमारे १७ मिलिमीटरचा असतो. कॉर्निया आपली वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत जवळपास पूर्ण करतो, तर मागचा भाग शाळेच्या वयातही लांबत राहू शकतो. त्यामुळे पांढरे आवरण, म्हणजे श्वेतपटल, मागच्या टोकाला ताणले जाते, पातळ होते आणि त्यातले कोलॅजेनचे तंतूही बारीक होत जातात. पुढचा कॉर्निया या ओढाताणीत वरवर तरी तसाच राहतो. माझ्या कॉर्नियाची मधली जाडी ५४८ मायक्रॉन भरली, जी सर्वसामान्य सरासरीच्या अगदी जवळ आहे. “नंबर मोठा म्हणजे कॉर्निया पातळ” हा समज मी कितीतरी वर्षे बाळगून होते. जाडी आणि नंबर यांचे असे भरवशाचे नाते दिसत नाही, हे मला या निमित्ताने कळले.

जाडी सारखी असूनही ताकद वेगळी असू शकते, याचे कारण कॉर्नियाच्या बांधणीत आहे. त्याच्या पाच थरांपैकी स्ट्रोमा हा मधला थर एकूण जाडीचा सुमारे नऊ-दशांश भाग व्यापतो. त्यात कोलॅजेनच्या दोनशेहून अधिक पट्ट्या एकावर एक असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारा चिकट द्रव भरलेला असतो. पुढच्या भागात या पट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. मागे जावे तशा त्या समांतर आणि सुट्या होत जातात. ओझे पेलणारा भाग म्हणूनच पुढचा आहे, आणि लेझर तासते ती नेमकी पुढचीच बाजू. तंतू आणि द्रव यांच्या या मिश्रणामुळे कॉर्निया शुद्ध स्प्रिंगप्रमाणे वागत नाही. दाब हळूहळू दिला तर तो जितका दबेल तितका झटक्यात दिलेल्या दाबाने दबत नाही, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही.

ऑक्युलर रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर हे यंत्र या शेवटच्या गुणावर उभे आहे. २००५ च्या सुमारास आलेल्या या यंत्रात कॅमेरा नाही. अवरक्त प्रकाशाचा झोत कॉर्नियावर टाकतात, आणि कॉर्निया सपाट झाला की परावर्तित प्रकाश एकदम वाढतो. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा असे दोन उंच टोक आलेखावर उमटतात. त्या दोन क्षणांच्या हवेच्या दाबांतला फरक म्हणजे कॉर्नियाचा हिस्टेरिसिस. निरोगी प्रौढांत तो साधारण १० ते ११ मिलिमीटर पारा असतो. माझा उजवा ८.९ आला, डावा ८.६. अहवाल देणाऱ्या व्यक्तीने यावर “कॉर्निया थोडा मऊ आहे” असा शेरा मारला, आणि इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. हिस्टेरिसिस म्हणजे ताठपणा नव्हे. धक्का शोषून घेण्याची, ऊर्जा जिरवण्याची ती क्षमता आहे. अगदी मऊ आणि अगदी ताठ अशा दोन्ही पदार्थांचा हिस्टेरिसिस कमी असू शकतो. रबराचा चांगला तुकडा आणि पोलादाची पट्टी ही दोन्ही घेतलेली ऊर्जा बरीचशी परत देतात. वयानुसार कॉर्निया ताठ होतो आणि हिस्टेरिसिस मात्र कमी होतो, एवढे एकच उदाहरण हा गोंधळ दूर करायला पुरेसे आहे. मोठ्या नंबरच्या आणि लांब डोळ्यांत हिस्टेरिसिस कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, हे खरे. पण त्यावरून “मऊ” हा शब्द थेट काढणे चुकीचे आहे.

कॉर्व्हिसचा अहवाल त्यामानाने श्रीमंत असतो, आणि म्हणून घाबरवणाराही. माझ्या उजव्या डोळ्याचे माथ्याचे एकूण दबणे १.१७ मिलिमीटर होते. मधला भाग आणि त्यापासून २ मिलिमीटरवरचा भाग यांच्या दबण्याचे गुणोत्तर ४.७ होते, हे जितके जास्त, तितका कॉर्निया मध्यभागी सहज खचतो, असा अर्थ लावतात. पहिल्या सपाटीच्या वेळचा ताठपणा निर्देशांक ९२ होता. एसएसआय हा पदार्थाच्या ताठपणाचा निर्देशांक ०.८२ आला. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची, शंका आहे का हे सांगणारा सीबीआय ०.३१ होता. सीबीआय ०.५ च्या वर गेला तर काळजीचे मानतात, त्यामुळे तो चौकोन हिरवा होता. बाकी आकडे पिवळ्याच्या उंबरठ्यावर होते.

आता मुख्य प्रश्न असा, की हे पिवळे आकडे नेमके कशाचे आहेत? हवेने कॉर्निया आत ढकलला, की त्यामागचा द्रव कुठेतरी गेला पाहिजे, कारण द्रव दाबून लहान होत नाही. डोळा ही बंद पिशवी आहे. जेवढे आकारमान पुढून आत घुसले, तेवढ्यासाठी बाकीच्या भिंतीला ताणून जागा करून द्यावी लागते. भिंत ताठ असेल तर द्रवाला वाट मिळत नाही, आतला दाब चटकन वाढतो आणि कॉर्नियाचे दबणे अडते. भिंत मोठी, पातळ आणि सैल असेल तर ती गुपचूप थोडी फुगते, आणि कॉर्नियाला आणखी आत जायला मोकळीक मिळते. लांब डोळ्यात मागचे श्वेतपटल पातळ असते, हे वर आलेच. म्हणजे एकाच गुणवत्तेचे दोन कॉर्निया, एक २३.५ मिलिमीटरच्या डोळ्यावर आणि दुसरा २६.७ च्या डोळ्यावर बसवता आले असते, तर दुसरा अधिक खचलेला दिसला असता आणि त्याचे खापर बिचाऱ्या कॉर्नियावर फुटले असते. वर्गात मी याच गोष्टीसाठी तुळईचे उदाहरण देते: तुळई किती वाकली हे पाहताना तिच्या टेकूंचा बसका भाग वजा केला नाही, तर चांगल्या लाकडाला आपण कुजके ठरवतो.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. डोळ्यातला दाब जास्त असेल तर कोणताही कॉर्निया ताठ भासतो, जसा जास्त हवा भरलेला फुगा भासतो. म्हणून दाब न पाहता दोन माणसांच्या दबण्याची तुलना करण्यात अर्थ नाही. दुसरे, हवेच्या जोराने डोळ्याचा अख्खा गोळाही खोबणीत थोडा मागे सरकतो. एकूण दबण्याच्या आकड्यात हे सरकणे धरलेले असते. ते वजा करून मिळणारा आकडा वेगळा छापला जातो आणि वाचायचा तर तो वाचावा. दोन यंत्रांच्या फुंकरीतही फरक आहे. कॉर्व्हिस दर वेळी ठरावीक जोराची हवा सोडते, तर ऑक्युलर रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर समोरच्या डोळ्याच्या प्रतिसादानुसार जोर कमी-जास्त करते. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी मांडून “सुधारणा” किंवा “घसरण” शोधत बसू नये. मी सुरुवातीला तेच केले आणि दोन रात्री उगाच बेचैन राहिले.

एसएसआय हा निर्देशांक या अडचणीवरचा एक उपाय म्हणून २०१९ साली मांडला गेला. दाब आणि जाडी यांचा प्रभाव बाजूला काढून फक्त पदार्थाचा ताठपणा सांगायचा, हा त्यामागचा हेतू, आणि मला तो या अहवालातला सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो. त्यातले १ हे मूल्य पन्नाशीच्या सरासरी डोळ्याला धरून ठरवलेले आहे. माझे वय ३१ आहे. तरुण कॉर्निया मुळातच कमी ताठ असतो, तेव्हा ०.८२ पाहून दचकण्याआधी वयाची ही वजाबाकी करायला हवी. मोठ्या नंबरच्या डोळ्यांत एसएसआयही कमी आढळतो, त्यामुळे कॉर्नियाच्या पदार्थातच काही फरक असावा, या म्हणण्याला बळ मिळते. कॉर्निया आणि श्वेतपटल दोन्ही मुख्यतः एकाच प्रकारच्या कोलॅजेनची, एकाच भिंतीचे दोन तुकडे. मागचा सैल पडत असताना पुढचा अगदी अलिप्त राहील, असे मानणेही अवघडच. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. एसएसआयच्या गणितात जाडी, दुरुस्त केलेला दाब आणि सर्वांत खोल दबलेल्या क्षणाचा ताठपणा हे घटक जातात, अक्षीय लांबी जात नाही. लांबीचा परिणाम त्यातून संपूर्ण गाळला गेला आहे असे समजून चालणार नाही.

इतक्या बारकाव्याने हे सगळे पाहण्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज कागदावरच्या साध्या गणितात आहे. माझा चष्म्याचा उणे ८.२५ हा नंबर कॉर्नियाच्या पातळीवर सुमारे उणे ७.५ होतो, कारण चष्मा डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर दूर असतो. लेझर किती खोल तासणार, याचा ढोबळ नियम असा: नंबर गुणिले उपचाराच्या वर्तुळाच्या व्यासाचा वर्ग, भागिले तीन. ६ मिलिमीटरच्या वर्तुळाला ९० मायक्रॉन लागतात, साडेसहाला १०६ आणि ७ ला १२२. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा झाकणीसारखा उचलून खालचा भाग तासतात; ही झाकणी ११० मायक्रॉनची धरली, तर शस्त्रक्रियेने बदललेला भाग ५४८ पैकी अनुक्रमे ३६.५, ३९ आणि ४२ टक्के होतो. हा भाग ४० टक्क्यांवर गेला की पुढे कॉर्निया फुगण्याची जोखीम वाढते, असा एक मान्य निकष आहे. खाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहावेत, हा दुसरा. दुसरा निकष मी तिन्ही वर्तुळांत आरामात पार करते, पहिला मात्र एका मिलिमीटरच्या फरकाने इकडचा तिकडे होतो. रात्री माझी बाहुली बरीच मोठी होते, म्हणजे लहान वर्तुळ घेतले तर दिव्यांभोवती वलये दिसण्याची शक्यता, आणि मोठे घेतले तर टक्केवारी ओलांडलेली. अशा काठावरच्या डोळ्यात भिंतीचा माल कसा आहे, हे जाणून घ्यायलाच हवे. लॅसिकनंतर कॉर्निया फुगल्याचे पहिले वर्णन १९९८ मध्ये झाले, तेव्हापासून जाडी आणि नकाशा यांच्यापलीकडे पाहण्याची धडपड चालू आहे आणि ही तपासणी तिचेच फळ आहे.

पहिल्या केंद्रातला माझा अनुभव मात्र नाराज करणारा होता. तिथे आधी भूल देणारा थेंब आणि पिवळा रंग घालून डोळ्याला स्पर्श करणाऱ्या साधनाने दाब मोजला गेला, आणि लगेच त्याच डोळ्यावर हवेची तपासणी झाली. क्रम उलटा हवा होता. स्पर्श न करणारी तपासणी आधी आणि स्पर्शाची नंतर, हे साधे तारतम्य आहे. त्यांनी उजव्या डोळ्याचे एकच मोजमाप घेतले, डाव्याच्या वेळी माझी पापणी अर्धी मिटली होती तरी तेच चालवून घेतले, आणि हातात दिले ते एका हिरव्या खुणेचे पान. चित्रीकरण दाखवा म्हटले तर “त्याची पेशंटला गरज नसते” असे उत्तर मिळाले. कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवसांपासून काढून ठेवल्या आहेत, हेही कोणी विचारले नाही. त्या मी आदल्याच संध्याकाळी काढल्या होत्या. यंत्र तेच, पण हात घाईचे असले की त्याचा आकडा कवडीमोलाचा होतो. दुसऱ्या केंद्रात आठवडाभर लेन्स बंद ठेवायला सांगितले, प्रत्येक डोळ्याची तीन-तीन मोजमापे घेतली आणि गुणवत्तेचा शेरा नापास आलेले एक मोजमाप समोरच पुसून टाकले. उरलेल्यांतला फरक इतका थोडा होता, की मला पहिल्यांदा त्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटला.

यंत्राच्या मर्यादाही नोंदवते. कॉर्व्हिसचा कॅमेरा कॉर्नियाचा फक्त एक आडवा छेद पाहतो, साधारण साडेआठ मिलिमीटर रुंदीचा. केराटोकोनसमध्ये कमकुवत जागा बहुतेक वेळा मध्याच्या खाली आणि कानाच्या बाजूला असते. मधोमध मारलेल्या फुंकरीत तिची चाहूल लागते, पण ती जागा नेमकी कुठली हे कळत नाही. म्हणून ही तपासणी नकाशाच्या जोडीला करायची असते, त्याच्या ऐवजी नव्हे. प्रकाशाच्या विखुरण्यावरून, डोळ्याला न ढकलता, कॉर्नियाच्या प्रत्येक ठिकाणचा ताठपणा काढणारी ब्रिलुआं पद्धतही आहे, आणि श्वेतपटलाच्या लुडबुडीतून ती सुटते. मात्र तिच्या आकड्यावर उतीतल्या पाण्याच्या प्रमाणाचा परिणाम होतो, म्हणजे एक गुंता सोडवताना दुसरा हाती येतो.

चष्मा घालवण्याचा विचार नसणाऱ्यांनाही या यंत्राचा एक उपयोग आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. मोठ्या उणे नंबरवाल्यांना काचबिंदूचा धोका जास्त असतो, आणि दाब मोजण्याची प्रचलित गोल्डमन पद्धत कॉर्नियाची जाडी सुमारे ५२० मायक्रॉन आहे असे गृहीत धरून बेतलेली आहे. कॉर्निया पातळ किंवा कमी ताठ असेल तर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जाऊ शकतो. लेझर करून घेतलेल्या डोळ्यात तर हे हमखास घडते. कॉर्व्हिसच्या अहवालातला दुरुस्त केलेला दाब ही चूक कमी करण्यासाठी आहे. माझ्यात दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले, १४.५ आणि १४.८. लेझर झालेल्या माझ्या एका मैत्रिणीच्या अहवालात मात्र त्यांच्यात तीनचा फरक होता, आणि घरात काचबिंदूचा इतिहास असल्याने तो तिच्या डॉक्टरांनी गांभीर्याने घेतला. कमी हिस्टेरिसिसचा काचबिंदू वाढत जाण्याशी संबंध दिसलेला आहे, त्यामुळे माझा ८.६ हा आकडा मीही जपून ठेवला आहे, मऊपणाचा पुरावा म्हणून नव्हे तर पुढच्या तुलनेसाठी. ज्या मुलांचा नंबर वाढतो आहे, त्यांच्या पालकांनी मात्र “पुढे किती वाढेल” याचे भाकीत या तपासणीत शोधू नये. त्यासाठी अक्षीय लांबी ठरावीक काळाने मोजत राहणे हाच सरळ मार्ग आहे.

जाणाऱ्याने काय मागावे, हे एवढ्यावरून लक्षात आलेच असेल: मोजमापे एकाहून अधिक, गुणवत्तेच्या शेऱ्यासह सगळे पान, शक्य असल्यास चित्रीकरण, आणि त्याच दिवशीची अक्षीय लांबी, दाब व जाडी. पाचपैकी गुण द्यायचे तर मी तपासणीला चार देते. अर्धा गुण एकाच छेदावर समाधान मानावे लागते म्हणून कापला आणि अर्धा अहवालातल्या रंगांसाठी, कारण लांब डोळ्याच्या माणसाला ते रंग विनाकारण घाबरवतात किंवा विनाकारण निश्चिंत करतात.

कॉर्व्हिसवरची तिसरी तपासणी गेल्या महिन्यात, त्याच दुसऱ्या केंद्रात, त्याच यंत्रावर आणि सकाळच्या त्याच वेळी केली. एसएसआय ०.८३, गुणोत्तर ४.६, म्हणजे मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत काहीच हललेले नाही. शल्यविशारदांनी लेझरऐवजी डोळ्यात बुबुळामागे बसवायच्या भिंगाचा पर्याय सुचवला आहे, ज्यात कॉर्निया तासावा लागत नाही. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली मोजायची असून ती तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. केंद्राने दिलेल्या कॉर्व्हिसच्या पानावर अक्षीय लांबीसाठी रकाना नव्हता, म्हणून वरच्या कोपऱ्यात मी पेनाने लिहून ठेवले आहे: उजवा २६.४, डावा २६.७.